तार कुणी बांधली

लास वेगस,
१२ सप्टेंबर १९९८

ती. एझरादादास,
लोर्नाचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या घरी फोन नाही आणि तो घ्यायचा तुझा विचारही नाही, म्हणून लिहायला बसले. बातमी अशी की तुझी भाची तिकडे येते आहे. सुट्टीला नव्हे, चांगली वर्षभरासाठी.

कॉलेज संपल्यावर केहाऊ बँकेत नाहीतर माझ्यासारखी हॉटेलात चिकटेल असं मला वाटत होतं. तिने काय केलं, तर आपल्या डोंगरावरची ती जंगल राखणारी संस्था आहे ना, तिच्याकडे वर्षाची उमेदवारी धरली. रानातलं तण उपटायचं, कुंपणाच्या कडेने फिरायचं, दुर्मिळ झाडांची रोपं लावायची आणि हे सगळं गावाच्या भल्याचं कसं आहे ते गावाला समजावत बसायचं. वर्ष नीट पार पडलं तर तिथेच कायमची नोकरी मिळू शकते म्हणे. राहायला खोली आहे, जेवण आहे. मला विचारशील तर कुठेतरी पाणी मुरतंय. तण उपटायला कुणी कॉलेज झालेली पोर वेगसहून बोलावतं का? मी हे तिला म्हटलं तर म्हणाली, आई, तुला हॉटेलातल्या फुकटच्या साबणाचाही संशय येतो. येतो तर येतो.

दादा, रानडुकरं अडवायला वरच्या रानाला तारेचं कुंपण पडल्यापासून तू त्या लोकांशी बोलत नाहीस, हे मला माहीत आहे. मोलोकाई बेटावरून वेगसला पत्ते खेळायला येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्याकडे येऊन तुझ्या तक्रारी सांगतो. पण त्यांचा राग पोरीवर काढू नकोस. शनिवार-रविवार ती तुझ्याकडे येईल. तिला कुटलेल्या अळूची पोटभर पोई खायला घाल, इथे अळूचा कंद डोळ्यांना दिसत नाही. आणि ती कुणाच्या नादी लागते आहे तेवढं डोळ्यांत तेल घालून बघ.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरे, पोरीच्या वाट्याचा मात्र वेगळा काढून ठेव.

तुझी,
लोर्ना


पुऊआला, मोलोकाई,
१३ ऑक्टोबर १९९८

चि. लोर्नास,
अ. आ.

तुझी पोरगी पोचली. उंच झाली आहे आणि चालते आपल्या आईसारखी, पाय आपटत. चांगलं एवढंच, आता बाकीचं ऐक.

संशय काय तुला एकटीलाच येतो? त्या संस्थेकडे साऱ्या देशातून अर्ज आले असतील, आणि त्यांनी उचलली नेमकी माझी भाची. वरच्या रानाची वाट माझ्या अळूच्या खाचरांना लागून जाते. त्या वाटेने जाणारा एकही शिकारी असा नाही, जो माझ्या ओट्यावर बसलेला नाही. तेव्हा पोरीला गळाला लावून त्यांना कोणता मासा हवा आहे, हे मला कुणी सांगायला नको. त्यांचा साहेब डेनिस स्वतः तिला गाडीतून सोडायला आला आणि माझ्या कुत्र्यांचं कौतुक करत उभा राहिला. माझ्या कुत्र्यांचं कौतुक कुणी करत नाही. ती कौतुक करण्यासारखी नाहीतच.

आता पहिल्या रविवारची गोष्ट. मी कुत्री पिकअपमध्ये चढवली, सुरा कमरेला लावला, गाडी सुरू केली. तेवढ्यात ही कॉफीचा कप घेऊन ओट्यावर आली आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारती झाली, मामा, शिकारीला कुठल्या बाजूला चाललात? झालं. मी गाडी बंद केली, कुत्री उतरवली, सुरा काढून ठेवला आणि दिवसभर खाचरातलं गवत काढत बसलो. तिला वाटलं माझी तब्येत बिघडली. मला डोकेदुखीची गोळी दिली तिने.

तू पोरीला काय शिकवलंस ग? आणि हे कमी की काय, म्हणून संस्थेने वाटेच्या तोंडाशी एक फळा लावला आहे. वर जाणाऱ्याने नाव लिहायचं, कुठे जाणार ते लिहायचं. आम्हाला त्यावर लिहायला लावणं हे तुझ्या लेकीचं काम. मी तिला म्हटलं, फळ्यावर लिहिलं की डुकरं येऊन वाचतात. ती हसली आणि म्हणाली, मामा, चेष्टा पुरे. मी चेष्टा करत नव्हतो.

पोर उपाशी नाही. तुझ्यावर माया होती तशी आहे, संस्थेवर नव्हती तशी नाही.

एझरा


मोलोकाई,
८ नोव्हेंबर १९९८

ती. आईस,
केहाऊचा सा. न. वि. वि.

माझे हात बघशील तर ओळखणार नाहीस. आम्ही रानपेरू उपटतो. एक उपटला की शेजारी दोन हसत उभे असतात. पाठीवर पाण्याच्या पिशव्या घेऊन चढायचं, चिखलात बसून डबा खायचा, पावसात भिजायचं आणि संध्याकाळी खोलीभर ओले मोजे वाळत घालायचे. आई, मला हे फार आवडतंय. वरच्या कड्यावर एक झाड आहे, कोबीचा गड्डा काठीवर खोचल्यासारखं दिसतं, आणि ह्या डोंगराबाहेर ते कुठेच उरलेलं नाही. मी दोराला लटकून त्याची बी काढली. रोपं वाटिकेत आहेत, डिसेंबरात आम्ही ती कुंपणाच्या आत लावणार आहोत. हे काम मला जन्मभर करायचं आहे.

फक्त मामांचं काही कळत नाही. ते मला हेर समजतात. मी ओट्यावर गेले की बसलेले सगळे एकदम पावसापाण्याबद्दल बोलायला लागतात. मी आत गेले की पाऊस थांबतो. शिकारीला कुठे जाता एवढंच तर विचारलं होतं. कुणी पाय मोडून पडला तर आम्ही शोधायचं कुठे? फळा त्यासाठीच आहे. पण त्यावर आजवर एका माणसाने नाव लिहिलंय, आणि ते त्याच्या कुत्र्याचं होतं.

आणखी एक. दर सोमवारी डेनिस मला विचारतो, काय म्हणतात मामा? आधी मला ते बरं वाटायचं, आपुलकीने विचारतो असं वाटायचं. आता वाटतं, ह्याला माझ्या मामांचं एवढं काय पडलंय? तुझा संशयाचा किडा मलाही चावला बहुतेक.

डब्यात वाळवलेले मासे बांधून देणारे मामा आणि माझ्याशी न बोलणारे मामा एकच आहेत का, ते मला कळव.

तुझी माया आहे म्हणून तर तक्रार तुझ्यापाशी करते.

केहाऊ


लास वेगस,
१९ नोव्हेंबर १९९८

चि. केहाऊस,
अ. आ.

तुझ्या पत्राचा तो भाग वाचून मी कामावर एवढी हसले की मुकादमीण बघायला आली. अग, शिकारीला किंवा मासेमारीला निघालेल्या माणसाला आपल्याकडे कुठे चालला म्हणून विचारत नाहीत. तोही सांगत नाही. फिरायला चाललो म्हणतो, बस्स. जायच्या जागेचं नाव तोंडातून निघालं की शिकार बिघडली, तो माणूस तिथूनच मागे फिरतो. परत आल्यावरही विचारायचं नाही. मांस दारात आलं की घ्यायचं आणि आभार मानायचे. आमच्या आईने बाबांना जन्मात कधी विचारलं नाही. हे तुला शिकवायचं राहून गेलं, कारण वेगसमध्ये डुकरं नाहीत. म्हणजे आहेत, पण ती वेगळी.

तेव्हा मामा तुझ्यावर रागावलेले नाहीत. ते सगळ्यांशी असेच वागतात, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याच्याशी जरा जास्तच. त्या डेनिसपासून मात्र चार हात लांब राहा. सोमवारी त्याने विचारलं तर सांग, मामा पावसापाण्याबद्दल बोलतात. खोटंही नाही ते.

पावसाळी बूट रात्रभर कागद भरून ठेव, वास येत नाही. तब्येतीला जप, संशय जरा कमी कर. तो माझ्याकडे ठेव, मला सवय आहे.

तुझी,
आई


मोलोकाई,
२१ फेब्रुवारी १९९९

ती. आईस,
केहाऊचा सा. न. वि. वि.

हे वाचून झालं की फाडून टाक. फोन केला असता, पण आमच्या मुक्कामाचा फोन डेनिसच्या टेबलावर आहे.

मागच्या आठवड्यात वरचं कुंपण कापलेलं सापडलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला, माझ्या रोपांपासून हाकेच्या अंतरावर. माणूस वाकून आत जाईल एवढं भोक, आणि ते परत तारेने शिवून टाकलेलं. डेनिस म्हणाला, ही जुनी चाल आहे. दार कापायचं, बांधून ठेवायचं म्हणजे लांबून कुंपण धड दिसतं, आणि हवं तेव्हा सोडून आत शिरायचं. आत एक डुक्कर गेलं तर रात्रीत सगळी रोपं उकरून टाकेल.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगते. तार बांधायची ती तऱ्हा मी पाहिली आहे. जाळं विणतात तसे दोन पदर एकमेकांवरून नेऊन टोक आत वळवलेलं. मामांच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्याची जाळी अशीच बांधलेली आहे. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, मी रोपवाटिकेतून येताना मामांची पिकअप वरून येताना दिसली. मागे कुत्री नव्हती. आई, शिकारीला जाणारा माणूस कुत्री घरी ठेवून जाईल का? पक्कड घेऊन जाणारा जाईल.

डेनिसने आम्हा सगळ्यांना बसवून विचारलं, कुणी काही पाहिलं का. मी गप्प राहिले. तो माझ्याकडेच बघत होता की मला तसं वाटलं, देव जाणे. ज्याचा हात असेल त्याचा रानात जायचा परवाना काढून घेणार, असं त्याने गावात जाहीर केलंय. मामांचा परवाना गेला तर ते करतील काय? अर्ध्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांच्या घरी मांस त्यांच्याकडून जातं. आणि मी माहीत असून लपवलं असं निघालं तर माझी नोकरी गेलीच समज.

रविवारी मी मामांकडे जेवायला गेले. त्यांनी मला आणखी भात वाढला. मी तो कुत्र्यांना घातला आणि भांडी घासली. ज्यांच्या घरी जेवते त्यांनीच माझी रोपं डुकरांपुढे टाकली असं मनात येतं आणि स्वतःचीच लाज वाटते.

मी काय करू ते लिही. लवकर लिही.

केहाऊ


लास वेगस,
१ मार्च १९९९

ती. एझरादादास,
लोर्नाचा सा. न. वि. वि.

आज चेष्टा नाही. वरचं कुंपण कापलं आणि ते तुझ्या पद्धतीने बांधलेलं आहे. त्या गुरुवारी तुझी पिकअप वरून येताना केहाऊने पाहिली. तिने तोंड उघडलेलं नाही, अजून तरी. पण तिला झोप नाही आणि आता मलाही नाही.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. बाबा ज्या रानात बिनविचारता जायचे तिथे आता परवाना काढून जावं लागतं, ते तुला झोंबतं. झोंबू दे. पण त्या कुंपणाच्या आत माझ्या लेकीचं वर्ष लावलेलं आहे. तू ते कापलंस का? कुठे गेला होतास तू त्या दिवशी?

हे विचारायचं नसतं, मला माहीत आहे. मी वीस वर्षं लांब राहिले म्हणून विसरले असं समजू नकोस. माहीत असून विचारते आहे. पोरीला मी काय सांगायचं तेवढं मला कळायला हवं. फिरायला गेलो होतो असं लिहिणार असशील तर लिहूच नकोस.

राग आला तरी उत्तर दे, एवढी तरी माया ठेव.

लोर्ना


पुऊआला,
१२ मार्च १९९९

चि. लोर्नास,
अ. आ.

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. दोन दिवस तुझं पत्र तांदळाच्या डब्याखाली पडून होतं. मग वाटलं, हिने विचारलंच आहे, तर बाबांच्या मागे हिला सांगणार कोण.

कुंपण मी कापलेलं नाही. कुणी कापलं ते मला ठाऊक आहे आणि ते मी सांगणार नाही, तुलाही नाही. पोरंबाळं असलेला माणूस आहे. घरी लेकीच्या पहिल्या वाढदिवसाची पंगत होती, खालच्या रानात आठवडाभर काही मिळालं नाही, डोकं फिरलं आणि वर गेला. परत आल्यावर त्याची त्यालाच धास्ती बसली आणि माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी त्याला झापायचं तेवढं झापलं आणि वर गेलो. तार मी बांधली. कुत्री नेली नाहीत कारण मी शिकारीला गेलोच नव्हतो.

का गेलो ते विचारशीलच. तुझी पोरगी डिसेंबरभर माझ्या टेबलावर बसून त्या रोपांबद्दल बोलत होती. कुठलं किती वाढलं, कुठल्याला गोगलगाय लागली. मी ऐकत नाही असं तिला वाटायचं. मला ती झाडं आवडत नाहीत, दिसायलाही धड नाहीत. पण डुकराने ती उकरली असती तर ती पोर रडत माझ्याच घरी आली असती, आणि मला ते बघायचं नव्हतं.

बाकी ती माझ्या ताटात जेवून माझ्यावर डोळा ठेवते, हे वाचून बरं वाटलं नाही. तिला हेर म्हणायचो ती निम्मी थट्टा होती.

कुठे गेलो, का गेलो, हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलासुद्धा ती होती तोवर कधी नाही. तुला सांगितलं. ते तुझ्यापाशीच राहू दे. पोरीला सांगितलंस तर ती उमेदवारीतली पोर, तिला वरच्यांना सांगणं भाग पडेल, आणि मग ते मला विचारतील की कापलं कुणी.

तुझा,
एझरा


लास वेगस,
२२ मार्च १९९९

चि. केहाऊस,
अ. आ.

मामांबद्दल मनात काही ठेवू नकोस. त्यांनी कुंपण कापलेलं नाही. मला कसं कळलं ते विचारू नकोस, मी वचनात अडकले आहे. तू नीट जेव, नीट झोप आणि कामाकडे लक्ष दे.

तुझं वर्ष वाया जाऊ देणार नाही मी. हॉटेलात रोज शंभर भांडणं सोडवते, चांगल्या शब्दांत बोललं की बहुतेक माणसं ऐकतात. तो डेनिस म्हणजे काही वाघ नव्हे. काळजी तुझ्या आईवर सोड.

घाईत आहे. पापा घे.

आई


मोलोकाई,
९ एप्रिल १९९९

ती. मामांस,
केहाऊचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्याच गावात राहून तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली. गेले दोन रविवार मी आले तेव्हा फाटक बांधलेलं होतं आणि माझे रबरी बूट, माझा डबा बाहेर ओट्याच्या पायरीवर ठेवलेला होता. तुम्ही घरात होता. कुत्री भुंकत नव्हती, म्हणजे तुम्ही आतून त्यांना गप्प केलं होतं.

तार तुम्ही बांधली हे डेनिसला कळलंय, आणि तो तुमच्याकडे येऊन गेला हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मामा, मी सांगितलेलं नाही. तुम्हाला वाटतं मी सांगितलं, आणि तुमच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. कोण बोललं ते मला माहीत नाही. मी इथे एकेकाकडे बघत बसते. पोस्टातल्या बाई पाकिटं उजेडात धरून बघतात असं मला वाटायला लागलंय.

पुढच्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये बैठक आहे. तिथे मला उभं करून विचारणार आहेत. विचारलं तर मी गाडी पाहिली हे सांगेन, आणि तारेची गाठ ओळखली हेही सांगेन. खोटं बोलणार नाही. मला जे काम जन्मभर करायचं आहे ते मी खोट्यावर सुरू करणार नाही, आणि तुमच्यासाठी खोटं बोलले तर तुम्ही मला आणखीच कमी समजाल असं वाटतं. तिथे पहिल्यांदा ऐकण्याआधी तुम्ही ते माझ्याकडून ऐकावं, म्हणून लिहिलं.

तुम्ही वर का गेला होता ते मला माहीत नाही. आणि ते मी विचारणार नाही, एवढं मला आता समजतं.

फाटक बांधलेलं असलं तरी मी रविवारी येईन. हाकलायचं असेल तर बाहेर येऊन हाकला.

तुमची,
केहाऊ


पुऊआला,
२ मे १९९९

चि. लोर्नास,
अ. आ.

बैठक झाली. माझा परवाना वर्षभरासाठी गेला. कापलं कुणी ते सांगा म्हणाले, मी सांगितलं नाही, आणि हॉलमध्ये बसलेल्या कुणीच सांगितलं नाही. सगळे जमिनीकडे बघत होते. ज्याने कापलं तो माझ्या पुढच्याच खुर्चीवर होता, त्याची मान घामाने भिजली होती. तो उठायला लागला तेव्हा मी त्याच्या खुर्चीला पाय लावून धरला. त्याचा परवाना गेला असता तर त्याच्या पोरांनी खायचं काय? माझ्या मागे कुत्र्यांशिवाय कुणी नाही.

पण लिहायचं ते वेगळंच आहे. तुझ्या पोरीला उभं केलं. आपल्या आईसारखी पाय आपटत पुढे गेली. सगळ्या गावापुढे, माझ्याकडे बघून म्हणाली, गाडी मामांची होती, गाठ मामांची आहे. मी फाटक बांधलं होतं, बूट बाहेर टाकले होते, तरी तिने आवाज खाली आणला नाही. मग म्हणाली, ते दार नाही. तिने वर जाऊन ते पुन्हा बघितलं होतं. म्हणाली, ज्याला परत आत शिरायचं आहे तो हाताने सुटेल अशी गाठ मारतो, इथे टोकं दगडाने ठोकून आत बसवली आहेत, मला पक्कड घेऊनही सोडवता आली नाहीत. हे कुणीतरी आत काही जाऊ नये म्हणून केलंय. डेनिसने विचारलं, मामांनी असं का केलं असेल. ती म्हणाली, मला माहीत नाही. एवढं बोलून खाली बसली. डेनिसने तिथेच तिला ऐकवलं की हे फेब्रुवारीत सांगायला हवं होतं, आणि कायमच्या नोकरीसाठी तिचं नाव पुढे जाणार नाही. ती म्हणाली, ठीक आहे, पण माझं वर्ष मी पुरं करणार.

लोर्ना, मला माहीत नाही असं ती म्हणाली तिथे मी थांबलो. कारण डेनिस माझ्या ओट्यावर आला होता तेव्हा त्याचं पहिलं वाक्य असं होतं की, भाचीच्या रोपांसाठी तुम्ही तार बांधलीत असं ऐकतो. त्या क्षणी मला राग आला आणि मी सगळं पोरीवर ढकललं. बसल्या जागी विचारही केला नाही. गाडी तिने पाहिली होती, गाठ तिने ओळखली होती. पण रोपांसाठी गेलो होतो हे तिला ठाऊकच नव्हतं. ते मी एकाच माणसाला लिहिलं होतं.

तू त्याला फोन केलास. गोड शब्दांत सांगितलं असशील की माझा भाऊ चांगला आहे, त्याने तर उलट दुरुस्त केलं, आणि माझ्या लेकीचा ह्यात काही संबंध नाही. तुला वाटलं दोघांना वाचवलं. तू वाईट मनाने केलं नाहीस हे मला ठाऊक आहे. पण मला फार लागलं. जी गोष्ट मी माझ्या बायकोला कधी बोललो नाही ती तू परक्या माणसाला फोनवरून सांगितलीस, आणि तुझ्या सांगण्याची शिक्षा मी महिनाभर तुझ्या पोरीला दिली.

रविवारी ती आली. फाटक उघडंच होतं. आम्ही अळूचे कंद काढले, उकडले, कुटून पोई केली. दुपारी ती पायरीवर बसली असताना मी तिला सांगितलं की, तू बोलली नव्हतीस हे मला कळलं. ती रडली. मलाही आवरेना, मग मी उगाच कुत्र्यांवर ओरडलो. ती आता जवळजवळ रोज येते.

पण कोण बोललं हे तिला अजून माहीत नाही आणि तो प्रश्न तिला सोडत नाही. काल पोस्टातल्या बाईंशी नीट बोलली नाही. बरोबरच्या उमेदवार मुलीशी तिचं पटेनासं झालंय. माझ्या ओट्यावर कुणी येऊन बसलं की त्याच्याकडे ती आता अशी बघते, जसा मी तिच्याकडे बघायचो. तिला इथे राहायचं आहे. डेनिसने नाव पाठवलं नाही तरी दुसरीकडे काम शोधेन पण ह्याच बेटावर, म्हणते. आणि ज्या गावात राहायचं त्या गावातल्या प्रत्येक माणसावर तिचा वहीम आहे.

मी तिला सांगणार नाही. माझ्या तोंडून ऐकायची ती गोष्ट नाही. आणि तूही पत्रात लिहू नकोस, फोनही करू नकोस. तुझ्या फोनने जे व्हायचं ते झालं. तिचं वर्ष सप्टेंबरात संपतं. त्याआधी ये, तिच्यासमोर बस आणि तिला सांग. मी जवळपासच असेन.

एझरा